वडाची वंशावळ

आपल्या सीमाभागातील जुन्या घराण्यांना हेळवी म्हणजे कोण, हे सांगावे लागत नाही. सुगी आटोपली की तो आपला बैल घेऊन गावात येई, ज्या कुळाशी त्याचा पिढीजात संबंध असे त्या घराच्या जोत्यावर चोपडी उघडी आणि मूळ पुरुषापासून पाळण्यातल्या बाळापर्यंतची नावे एका सुरात वाचून दाखवी. कोण कोठून आला, कोणाची शाखा घटप्रभेपलीकडे गेली, कोणाला दत्तक घ्यावे लागले, कोणाचा वंश खुंटला, हे सारे त्या चोपडीत असे. वाचन संपले की मधल्या वर्षांतील जन्ममृत्यू तो टिपून घेई आणि धान्य, वस्त्र, दक्षिणा घेऊन पुढच्या गावी जाई. वाचणारा कानडी बोलणारा, ऐकणारे घराणे मराठी. पण त्यामुळे वंशावळ कोणाला परकी वाटली नाही.

झाडांना मात्र हेळवी नाही. ज्या वडाभोवती आपल्या आयाबहिणींनी पिढ्यान्‌पिढ्या सूत गुंडाळले, ज्या औदुंबराखाली गुरुचरित्राची पारायणे झाली, त्यांचे आईबाप कोण आणि भाऊबंद कोण, हे आपण कधी विचारले नाही. फार तर ‘आजोबांनी लावलेला वड’ एवढीच त्याची ओळख. पण ती ओळखही लावणाऱ्याची आहे, झाडाची नव्हे.

हा प्रश्न माझ्या मनात आला तो माझ्या भाचीमुळे. ती वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी. एका वैशाखात ती चार दिवस निपाणीला राहावयास आली, ती कागदी पाकिटे आणि ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घेऊनच. पानांतून डीएनए वेगळा काढण्याचा सराव तिला करावयाचा होता आणि त्यासाठी तिने वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक, पायर अशी एकाच कुळातील झाडे निवडली होती. या सर्वांचे शास्त्रीय गोत्र एकच, ‘फायकस’. जगात या गोत्राच्या साडेसातशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांचे माहेर मुख्यतः उष्ण प्रदेशात आहे. आपल्या पूर्वजांनी त्यांना ‘क्षीरी वृक्ष’ म्हटले, कारण पान तोडले की पांढरा चीक येतो. हाच चीक प्रयोगशाळेत फार छळतो, असे ती म्हणाली. चिकातली आणि पानातली चिकट द्रव्ये डीएनएला बिलगून बसतात आणि पुढची प्रक्रियाच अडते. म्हणून कोवळी पाने घ्यायची, ती झटपट वाळवायची आणि मग विशिष्ट द्रावणांनी हा चिकटपणा सोडवीत जायचे. देवाला वाहिलेल्या झाडाचे पान तोडताना तिने आधी खोडाला हात लावून नमस्कार केला, हे मला आवडले.

“मामा, हा वड कोणाचा?” परसातल्या झाडाखाली उभी राहून तिने विचारले. मी म्हणालो, “आपलाच.” ती हसली. तिला मालकी विचारावयाची नव्हती, वंश विचारावयाचा होता. मग तिने मला जनुकीय खुणांची गोष्ट सांगितली. ती मला जशी कळली तशी येथे मांडतो.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनएचा लांबच लांब धागा असतो आणि त्यावर चारच अक्षरांत सारी कुळकथा लिहिलेली असते. या धाग्यात मध्येच अशा काही जागा येतात की तेथे दोन-तीन अक्षरांची एकच जोडणी पुनःपुन्हा लिहिलेली असते. अशा जागांना शास्त्रात ‘मायक्रोसॅटेलाइट’ म्हणतात. शहापूरच्या साडीचा काठ डोळ्यांसमोर आणावा. एकच नक्षी काठाने ओळीत चाललेली असते. एका साडीच्या ठरावीक भागात ती बारा वेळा येते, दुसरीच्या तेवढ्याच भागात पंधरा वेळा. नक्षी तीच, पण मोजणी निराळी. झाडांचेही तसेच. एका वडात एका जागी ती जोडणी बारा वेळा असेल, दुसऱ्यात पंधरा वेळा. शिवाय प्रत्येक झाडाजवळ या धाग्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. त्यामुळे एकाच जागी ‘बारा आणि पंधरा’ अशी जोडी मिळते. अशा दहा-पंधरा जागा मोजल्या की प्रत्येक झाडाला त्याची स्वतःची आकड्यांची ओळ मिळते. दोन झाडांच्या ओळी अगदी जुळल्या तर ती दोन झाडे नव्हेत, एकच होय. अर्ध्या अर्ध्या जुळल्या तर आई आणि लेकरू असण्याचा संभव. हीच झाडाची वंशावळ.

पण मोजावयाची जागा आधी सापडली पाहिजे. धागा अफाट लांब; त्यातून ही नक्षी हुडकायची, तिच्या दोन्ही बाजूंची अक्षरे वाचायची आणि त्यांना बरोबर चिकटतील असे लहान तुकडे तयार करायचे. ते तुकडे हाती आले की पीसीआरच्या यंत्रात नेमका तेवढाच भाग लाखो पटींनी वाढवता येतो आणि त्याची लांबी मोजता येते. ‘खुणा विकसित करणे’ म्हणतात ते हे काम. ते एकदा झाले की त्याचा लाभ भाऊबंदांनाही मिळतो. २००१ साली फ्रान्समधील संशोधकांनी आपल्या खाण्यातल्या अंजिरासाठी अशा खुणा शोधल्या आणि त्या फायकस गोत्रातील इतर जातींवरही तपासून पाहिल्या. त्यानंतर निरनिराळ्या देशांत अनेक जातींसाठी अशा खुणा तयार झाल्या. पूर्वी एकेक खूण हुडकण्यात महिनेच्या महिने जात. आता सारा धागाच वाचता येतो. २०२२ साली भोपाळच्या आयसर संस्थेतील शास्त्रज्ञांनी वड आणि पिंपळ या दोहोंचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध केला. दीर्घायुष्याचे मर्म शोधावे हा त्यांचा मुख्य हेतू होता. पण ज्याला वडाच्या वंशावळी लिहावयाच्या असतील त्याच्यासाठी ही आयती मूळ चोपडीच झाली.

या वाचनातून निघालेल्या दोन गोष्टींनी मला विचारात पाडले.

पहिली पनामा देशातली. तेथे आपल्या वडासारखेच दुसऱ्या झाडावर रुजून त्याला वेढून टाकणारे वृक्ष आहेत. १९९१ साली संशोधकांनी अशा काही वृक्षांच्या निरनिराळ्या फांद्यांची तपासणी केली, तेव्हा एकाच वृक्षाच्या फांद्या वेगवेगळ्या वंशाच्या निघाल्या. पक्ष्यांनी एकाच आधारवृक्षावर अनेक बिया टाकल्या, अनेक रोपे रुजली, त्यांची मुळे एकमेकांना भिडून एकजीव झाली आणि पाहणाऱ्याला तो एकच वृक्ष वाटू लागला. दिसायला एक, वंशाने अनेक. आपल्याकडील जुन्या एकत्र कुटुंबाच्या वाड्यासारखेच हे झाले. बाहेरून दरवाजा एक, आत चुली चार.

दुसरी गोष्ट याच्या नेमकी उलट आणि आपल्या अधिक जवळची. वड बियांपासून येतो तसाच फांदीपासूनही येतो. पावसाळ्याच्या तोंडाशी मनगटाएवढी किंवा त्याहून जाड फांदी तोडून रोवली की ती जीव धरते. रस्त्याच्या कडेला झाडे लावताना हाच मार्ग सोयीचा, कारण पुरुषभर उंचीची फांदी रोवली तर गुरे तिच्या शेंड्याला पोहोचत नाहीत आणि सावलीही लवकर मिळते. पण फांदीपासून झालेले झाड हे मूळ झाडाचे अपत्य नव्हे, ते मूळ झाडच होय. महावंसाच्या परंपरेप्रमाणे संघमित्रेने बोधिवृक्षाची शाखा सिंहलद्वीपात नेली आणि अनुराधपुरास लावली. गयेचा मूळ वृक्ष काळाच्या ओघात अनेकदा गेला. १८७६ साली पडलेल्या वृक्षाच्या जागी पुढे कनिंगहॅमने नवा लावला. पण शाखेने झालेल्या अनुराधपुरच्या झाडात तो पहिला बोधिवृक्षच उभा आहे, अशी श्रद्धा आहे आणि फांदीच्या बाबतीत वनस्पतिशास्त्र या श्रद्धेला दुजोरा देते. म्हणून एकाच वडाच्या शंभर फांद्या तोडून दोन कोस रस्त्याच्या दुतर्फा लावल्या, तर आपण शंभर वड लावले असे वाटते, पण जनुकीय खुणांच्या हिशेबात तो एकच वड शंभर ठिकाणी उभा असतो. दिसायला अनेक, वंशाने एक.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. सावली तर मिळाली. त्याचे उत्तर उंबराच्या पोटात आहे.

उंबराला फूल येत नाही अशी आपली समजूत. क्वचित दर्शन देणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. वस्तुतः ज्याला आपण फळ म्हणतो तो फुलांचा बंद गुच्छ असून शेकडो फुले आतल्या बाजूस उमलतात. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट एकच, फळाच्या टोकावरचा बारीक डोळा. त्यातून एक चिमुकली गांधीलमाशी आत शिरते. शिरताना तिचे पंख बहुधा तुटून पडतात. ती बरोबर आणलेले पराग फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. पुढे त्या अंड्यांतून बिनपंखी नर आणि पंख असलेल्या माद्या निघतात. नर बाहेर जाण्याची वाट पोखरतात आणि माद्या नवे पराग घेऊन उडतात. यांनाच आपण केंबरे म्हणतो आणि नसते उकरून काढणाऱ्याला ‘उंबर फोडून केंबरे काढतो’ असे हिणवतो. उंबराचा कीटक वेगळा, वडाचा वेगळा, पिंपळाचा वेगळा. झाडाचा वंश कीटकावाचून चालत नाही आणि कीटकाचा झाडावाचून. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंबराच्या या अंतर्गत संसाराचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे.

आता गंमत अशी की, एका झाडावरची फळे सामान्यतः एकाच सुमारास त्या अवस्थेला येतात. त्यामुळे बाहेर पडलेल्या मादीला आपल्याच झाडावर कोवळे फळ सापडत नाही. तिला दुसरे झाड गाठावे लागते आणि आयुष्य तर एक-दोन दिवसांचे. ती वाऱ्यावर स्वार होते. पनामातील संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले की, तेथील वृक्षांचे पराग सहा ते चौदा किलोमीटर दूर जातात. नामिबियाच्या वाळवंटात आपल्या उंबराचा एक जवळचा भाऊबंद नदीपात्राच्या कडेने विरळ उगवतो. तेथे जनुकीय खुणांच्या साहाय्याने २००९ साली सिद्ध झाले की, या कीटकाने १६० किलोमीटरवरच्या झाडाचे पराग आणले होते. बेळगावहून कोल्हापूर याहून जवळ आहे. संकुचित माणसाला ‘उंबरातला किडा’ म्हणण्याची आपली रीत आहे. पण त्या किड्याचा एका दिवसाचा प्रवास पाहिला तर ही उपमा कोणी कोणाला द्यावी असा प्रश्न पडतो.

म्हणजे नरसोबाच्या वाडीचा औदुंबर आणि चिकोडीच्या मळ्यातला उंबर यांच्यात सोयरीक जुळू शकते. मराठीत तो उंबर, कानडीत अत्ती. वड तिकडे आल होतो आणि पिंपळ अरळी. दूधगंगा-वेदगंगेच्या काठी कोणते झाड कोणत्या राज्यात, हे सातबारा आणि उतारे सांगतील. पराग ते पाहत नाहीत. मात्र सोयरिकीला मर्यादाच नाही असेही नव्हे. बोर्जेस यांचा सहभाग असलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, दक्षिण भारतातल्या उंबराचा कीटक आणि चीन-थायलंडकडच्या उंबराचा कीटक हे दिसायला सारखे असले तरी वंशाने भिन्न आहेत. खऱ्या सीमा असतात. त्या समुद्राच्या, पर्वतांच्या आणि लक्षावधी वर्षांच्या असतात.

आता फांद्यांचा प्रश्न पुन्हा पाहू. ज्या मुलखात सगळे वड एकाच वडाच्या फांद्या आहेत, तेथे कीटक कितीही उडाला तरी तो पराग त्याच झाडाचे त्याच झाडाला देणार. सोयरीक घरातल्या घरात. एखादी नवी कीड किंवा नवा रोग आला आणि त्याला एक झाड बळी पडणारे निघाले, तर सगळीच तशी. शिवाय कीटकाचा वंश टिकावयाचा तर बारा महिने कोठे ना कोठे कोणते तरी झाड फळत असले पाहिजे. त्यासाठी निरनिराळ्या स्वभावाची, निरनिराळ्या वेळी फळणारी पुष्कळ झाडे लागतात. आणि वड-उंबर ओस पडले तर हरियाल, तांबट, कोकीळ, मैना, वटवाघळे यांनी भर उन्हाळ्यात, दुसरे काही पिकत नसताना, जावे कोठे?

निपाणीहून तवंदी घाट चढून संकेश्वर, हत्तरगी, यमकनमर्डी, काकती असा बेळगावचा जुना रस्ता ज्यांनी एसटीच्या खिडकीतून पाहिला आहे, त्यांना दुतर्फा उभ्या असलेल्या वडांची सावली आठवत असेल. या शतकाच्या आरंभी तो महामार्ग चौपदरी झाला आणि त्या सावलीचा मोठा भाग गेला. पुढे बेळगावहून खानापूरमार्गे गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या रुंदीकरणातही मोठी झाडे गेली. रस्ता हवा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही; आपण सारेच त्यावरून वेगाने जातो. पण एका झाडाच्या बदल्यात दहा लावली, हा हिशेब ऐकला की मला भाचीची आकड्यांची ओळ आठवते. तोडलेल्या झाडांत किती वंश होते आणि लावलेल्यांत किती आहेत, हे कोणी मोजीत नाही. दहा फांद्या एकाच झाडाच्या असतील तर दहाचा अर्थ एक. आणि तोडलेले झाड पक्ष्याने पेरलेले, बियांपासून वाढलेले असेल, तर त्याची अक्षरे जगात दुसऱ्या कोठेही लिहिलेली नसतील. त्याचा वंश खुंटलाच म्हणावयाचा. खुंट रोवून तो परत येत नाही.

मग नवे वंश उरले कोठे? मी या दृष्टीने आसपास पाहू लागलो तेव्हा ध्यानात आले की, ते आपण जेथे नको म्हणतो तेथेच आहेत. विहिरीच्या चिऱ्यांत, देवळाच्या शिखराच्या फटीत, पडक्या वाड्याच्या भिंतीत, बेळगावच्या किल्ल्याच्या तटात, माडाच्या नाहीतर चिंचेच्या बेचक्यात. पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेली ही रोपे कोणी लावलेली नाहीत, म्हणून प्रत्येकाची जोडी निराळी. आपण देवळाची डागडुजी करताना ती उपटून टाकतो. ते बरोबरही आहे, कारण मुळे वाढली की चिरे सुटतात आणि शिखर जाते. माझ्या शेजारच्या वृद्ध शेतकऱ्यास मी हे बोलून दाखविले तेव्हा ते म्हणाले, “मास्तर, वंश राखायचा म्हणून विहीर ढासळू द्यायची काय?” त्यांचे खरे आहे. पण वीतभर असतानाच रोप भिंतीतून मुळासकट सोडवले, वर्षभर कुंडीत किंवा पिशवीत वाढवले आणि गायरानात, ओढ्याकाठी, देवळाच्या मोकळ्या आवारात लावले, तर विहीरही राहते आणि वंशही राहतो. त्यांनी ते मान्य केले. पुढच्या मृगात आपल्या विहिरीतील पिंपळाचे एक रोप त्यांनी स्वतः काढून दिले.

ज्यांना फांदीच लावावयाची आहे त्यांनीही ती एकाच झाडाची घेऊ नये. पाच गावांच्या पाच झाडांची घ्यावी. वटपौर्णिमेला बाजारात येणाऱ्या तोडलेल्या फांद्यांऐवजी, जमल्यास, बियांपासून आलेले एक रोप द्यावे-घ्यावे. आणि रस्त्यासाठी एखादा जुना वड जाणारच असेल, तर तोडण्यापूर्वी त्याच्या दोन फांद्या अन्यत्र रोवून घ्याव्यात. याला प्रयोगशाळा लागत नाही. जनुकीय खुणा शास्त्रज्ञांनी मोजाव्यात. त्यांच्या मोजण्यासाठी काही निराळे शिल्लक ठेवणे एवढेच आपले काम.

आपल्यापैकी पुष्कळांची घराणी दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी कोकणातून, देशावरून या बाजूस आली आणि येथेच रुजली. कोणी सरदारांबरोबर आले, कोणी देवस्थानाच्या सेवेस, कोणी तंबाखूच्या व्यापारासाठी. कुळाच्या वह्या आपण जपल्या, काहींनी कुलवृत्तांत छापले. त्याच वहीत एक पान दारच्या वडाला, परसातल्या उंबराला द्यावे, असे मला वाटते. फांदी आणली असेल तर कोठून आणि कोणत्या साली, आपोआप उगवला असेल तर कोठल्या भिंतीतून काढला, एवढे दोन ओळींत लिहावे. माझ्या परसातला वड आजोबांनी नृसिंहवाडीहून येताना फांदीने आणला, असे घरात सांगत. ते मी लिहून ठेवले आहे. त्याच्याशेजारी यंदा शेजाऱ्यांच्या विहिरीतला पिंपळ लावला, त्याचीही नोंद केली आहे. त्याचे आईबाप ठाऊक नाहीत म्हणून तेवढी जागा कोरी सोडली आहे.